पत्ता सांगणारा भरवशाचा हवा

हा लेख लिहू की नको, या विचारात दोन महिने गेले. त्यात माझ्या मुलीची एक गोष्ट आहे आणि माझी एक चूक आहे. शेवटी मुलीलाच विचारले. ती म्हणाली, "लिहा अम्मी, पण चूक तुमची होती हे आधी लिहा." तर ते आधीच लिहून टाकते. चूक माझी होती.

सुरुवात झाली ती शेजारच्या घरातून. आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या व्हॉट्सअॅपवर लिंक आली. शिष्यवृत्तीचा फॉर्म, शेवटची तारीख उद्या. उघडले तर पान अगदी सरकारी वाटावे असे. वर राजमुद्रा, खाली आधार क्रमांकाची आणि बँक खात्याची चौकट. मुलाने सगळे भरले, आलेला ओटीपीही भरला. संध्याकाळपर्यंत वडिलांच्या खात्यातून साडेचार हजार रुपये गेले. वडील रिक्षा चालवतात. त्यांच्यासाठी ही रक्कम म्हणजे महिन्याचे घर. १९३० या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली, तेवढे तरी लगेच झाले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाजी, तुम्ही शाळेत शिकवता. खोटे पान कसे ओळखायचे, ते आमच्या पोराला शिकवा ना."

मी मान हलवली खरी, पण मलाच ते येत नव्हते. उर्दू आणि मराठीचे व्याकरण विचारा, सांगते. मोबाइलच्या आत काय चालते, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा ईदला आला, तेव्हा हा प्रश्न त्याच्यासमोर ठेवला. तो म्हणाला, "खाला, आधी तुमच्या घरचा डीएनएस बघू." हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

स्टँडवरची टपरी

भाच्याने समजावले ते अर्धे डोक्यावरून गेले. मग मी ते आपल्या पद्धतीने समजून घेतले. आता वर्गातही तसेच सांगते.

परभणी-जिंतूर रस्त्यावर आमचे झरी. बाहेरगावचा पाहुणा गाडीतून उतरला की आधी टपरीवर जातो आणि विचारतो, "अमक्यांचे घर कुठे?" टपरीवाला सांगतो, असे जा, मग डावीकडे वळा. पाहुण्याला नाव माहीत असते, पत्ता माहीत नसतो. टपरीवाला नावावरून पत्ता सांगतो.

इंटरनेटवर हेच काम डीएनएस करतो. प्रत्येक संकेतस्थळाचा खरा पत्ता आकड्यांचा असतो. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण नाव टाइप करतो, आणि आपला फोन एका टपरीवाल्याला विचारतो, "हे नाव कुठे राहते?" उत्तर आले की मगच पान उघडते. एक साधे पान उघडायलाही फोन असे अनेकदा विचारतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

फार पूर्वी त्या वेळच्या जाळ्यातल्या संगणकांची नावे एकाच यादीत होती. ती यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले तशी एक यादी पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी एका वहीऐवजी अनेक वह्यांची व्यवस्था आखली. एक वही दुसरीकडे बोट दाखवते, दुसरी तिसरीकडे. आजही जग त्यावरच चालते. २०१४ पासून त्यात देवनागरीतले 'डॉट भारत'ही आले.

आपण काहीच बदलले नसेल, तर आपला फोन ज्या कंपनीचे इंटरनेट आहे तिच्याच टपरीवर विचारतो. पण टपरी बदलता येते. जगात काही सार्वजनिक टपऱ्या आहेत, फुकट आहेत, कुणीही तिथे विचारू शकतो. मग कोणती निवडावी? मी टपरीवाल्याबद्दल चार प्रश्न विचारते.

चार प्रश्न

पहिला प्रश्न: तो बरोबर पत्ता सांगतो का? सांगणारा बेइमान असेल तर पाहुणा भलत्याच घरात जाईल. हे घडलेले आहे. 'डीएनएस चेंजर' नावाचा एक घातक प्रोग्राम लोकांच्या संगणकात शिरून त्यांची टपरीच बदलून टाकत होता. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यामागची टोळी पकडली गेली, तेव्हा शंभराहून अधिक देशांतले चाळीस लाखांवर संगणक त्यांच्या सांगण्यावरून चालत होते. लोक नाव बरोबर टाकत होते आणि पोहोचत होते भलतीकडे. त्याआधी २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की या तज्ज्ञाने दाखवून दिले होते की प्रामाणिक टपरीवाल्याच्या कानातही कुणी तिसरा खोटा पत्ता घालू शकतो. मग सगळ्या मोठ्या कंपन्यांनी मिळून दुरुस्ती केली. उत्तरावर शिक्का आहे की नाही, हे चांगल्या सार्वजनिक सेवा आता तपासून घेतात.

दुसरा प्रश्न: आपण विचारलेले आणखी कोण ऐकते? जुन्या पद्धतीत प्रश्न मोठ्याने विचारला जातो. बाकावर बसलेले सगळे ऐकतात. म्हणजे वायफायवर पाळत ठेवणारा, मधला जोडणीवाला, कुणीही. २०१६ आणि २०१८ मध्ये प्रश्न कुलूपबंद करून पाठवण्याच्या दोन पद्धती ठरल्या. त्यात प्रश्न फक्त टपरीवाल्याच्याच कानी जातो. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून ही सोय फोनमध्येच आहे.

तिसरा प्रश्न: तो वही ठेवतो का? कोण आले, कुणाचे घर विचारले, किती वाजता विचारले. वही किती दिवस ठेवतो, कुणाला दाखवतो, विकतो का? ही वही म्हणजे आपली अमानत आहे. दवाखान्याचे नाव, वकिलाचे नाव, नोकरीचे नाव, सगळे त्यात येते.

चौथा प्रश्न: चोराचे घर विचारले तर तो सावध करतो का? काही सेवा खोट्या पानांची ओळखलेली नावे आली की पत्ता सांगतच नाहीत. पान उघडत नाही, आणि विषय तिथेच संपतो. घरात मुले असतील तर काही सेवा अश्लील संकेतस्थळांचे पत्तेही सांगत नाहीत.

माझी चूक

हे चार प्रश्न मला आज सुचतात. त्या ईदला सुचले नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर शेजारच्या मुलाचे साडेचार हजार होते, म्हणून मला फक्त चौथा प्रश्न दिसला. भाच्याने घरच्या सगळ्या फोनवर एक सेवा लावून दिली. तीत माझ्या नावाचे खाते होते. "खाला, खोटी पाने बंद होतील, आणि कोणत्या फोनवरून कोणते नाव उघडले त्याची यादीही तुम्हाला दिसेल." मला वाटले, वा, दुहेरी फायदा.

माझी मुलगी अकरावीला आहे. रोज एसटीने परभणीला कॉलेजला जाते. मुलगा सहावीत आहे. मी दोघांनाही 'खोटी पाने बंद होणार' एवढेच सांगितले. यादीबद्दल बोलले नाही.

पहिले काही दिवस यादी पाहायची मजा वाटली. मग सवय झाली. रात्री इशाची नमाज झाली की मी फोन घेऊन यादी बघत बसायची. एका रात्री मुलीच्या फोनच्या नावापुढे दिसले 'टेली मानस', वेळ रात्री पावणेदोनची. मानसिक त्रासात असलेल्यांसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही मदतसेवा आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. हे मला तेव्हा शोधावे लागले, आणि कळले तशी माझी झोप उडाली. माझ्या मुलीला असे काय झाले आहे जे मला माहीत नाही?

सकाळी मी तिला उठवूनच विचारले, "काय लपवतेस माझ्यापासून? रात्री दोन वाजता त्या लोकांशी काय बोलत होतीस?"

तिने माझ्याकडे पाहिले आणि एकच प्रश्न केला, "तुम्हाला कसे कळले?"

मला उत्तर देता आले नाही. पण तिला ते कळले. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. तिसऱ्या दिवशी तिच्या अब्बूंनी समजूत घातल्यावर म्हणाली, "अम्मी, ते माझ्यासाठी नव्हते. कॉलेजातली मैत्रीण खूप त्रासात होती. तिच्यासाठी नंबर शोधत होते. कुणाला सांगणार नाही असे मी तिला वचन दिले होते. आता तिला वाटेल की मीच बोलले."

त्या यादीने मला नाव सांगितले होते, कारण सांगितले नव्हते. डीएनएसच्या वहीत फक्त नाव असते. कोणते पान वाचले, कशासाठी वाचले, कुणासाठी वाचले, यातले काहीही नसते. बाकीची गोष्ट मी माझ्या भीतीने रचली. आपल्या घरांत मूल चालायला लागते तेव्हापासून आपण शिकवतो की दार वाजवावे, सलाम करावा, इजाजत मिळाली तरच आत जावे. मी माझ्या मुलीच्या दारातून काहीही न विचारता आत गेले होते.

मी तिची माफी मागितली. मैत्रिणीचे नाव विचारले नाही. एवढेच सांगितले, "कुणाच्या जिवावर बेतेल असे वाटले तर मात्र वचन मोडायचे आणि मोठ्यांना सांगायचे. तेव्हा गुपित राखणे ही दोस्ती नव्हे." ती हो म्हणाली. त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून ते खाते बंद केले. जमलेली यादी आधी पुसली, मग खाते.

मग कोणती टपरी?

यादी नको, पण चोरांपासून राखण हवी. आणि मुलगा सहावीत असल्याने थोडी गाळणीही हवी. या वेळी आम्ही चारी प्रश्न लावून पाहिले.

गूगलची सेवा २००९ ची, आकडा ८.८.८.८. मजबूत आणि वेगवान. विचारणाऱ्याचा पूर्ण पत्ता असलेली वही ते २४ ते ४८ तासांत पुसतात, ओळख काढून टाकलेली माहिती पुढे ठेवतात. चोरांपासून सावध करणे किंवा मुलांसाठी गाळणी लावणे हे तिचे काम नाही.

क्लाउडफ्लेअरची सेवा १ एप्रिल २०१८ ला सुरू झाली, आकडा १.१.१.१. वही २५ तासांच्या आत पुसण्याचे त्यांचे वचन आहे, आणि ते पाळले जाते का याची बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून तपासणीही त्यांनी करून घेतली. २०२० मध्ये त्यांनी कुटुंबांसाठी आणखी दोन आकडे दिले. १.१.१.२ हा घातक संकेतस्थळे अडवतो. १.१.१.३ हा घातक आणि अश्लील दोन्ही अडवतो.

क्वाड नाइन, आकडा ९.९.९.९, ही २०१७ ची. ही नफ्यासाठी चालणारी कंपनी नाही, संस्था आहे. २०२१ पासून तिचे ठाणे स्वित्झर्लंडमध्ये आहे. विचारणाऱ्याच्या पत्त्याची नोंद ठेवत नाही, आणि ओळखलेली घातक नावे अडवते. अश्लील संकेतस्थळांसाठी मात्र तिच्यात गाळणी नाही.

ओपन डीएनएस ही २००६ ची जुनी सेवा, आता सिस्को कंपनीकडे आहे. तिच्यातही कुटुंबासाठी गाळणीचा वेगळा आकडा आहे.

आमच्या घरी असे ठरले. वायफायच्या राउटरवर आणि मुलाच्या फोनवर १.१.१.३ ची गाळणी. मुलीने स्वतः वाचून, विचार करून तिच्या फोनवर क्वाड नाइन लावली. मी आणि मुलांच्या अब्बूंनी तिचेच अनुकरण केले. मुलालाही समोर बसवून सांगितले की तुझ्या फोनवर काय लावले आहे, ते का लावले आहे, आणि तू काय बघतोस त्याची यादी आम्हाला दिसत नाही. त्याने विचारले, "खरंच नाही दिसत?" मी म्हटले, "खरंच." या वेळी ते खरे होते.

फोनमध्ये कसे लावायचे

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'खाजगी डीएनएस' किंवा 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा. कुठे ते 'नेटवर्क आणि इंटरनेट'खाली असते, कुठे 'कनेक्शन्स'खाली. सापडले नाही तर सेटिंग्जच्या शोधाच्या चौकटीत 'प्रायव्हेट' असे टाइप करा. तिथे आकडा चालत नाही, नाव लिहावे लागते. क्लाउडफ्लेअरच्या कुटुंब सेवेसाठी 'फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम', क्वाड नाइनसाठी 'डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट'. इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. एक अक्षर चुकले तर इंटरनेटच बंद पडेल. घाबरू नका, अक्षरे तपासा. हे एकदा लावले की वायफायवरही चालते आणि सिमच्या इंटरनेटवरही. आयफोनमध्ये यासाठी त्या सेवेचे अॅप किंवा प्रोफाइल घ्यावे लागते.

राउटरमध्ये आकडा भरता येतो. घरातल्या सगळ्यांना तो लागू होतो, पण फक्त घरात. आणि बहुतेक साध्या राउटरवर प्रश्न मोठ्यानेच विचारला जातो, कुलूपबंद नाही. राउटर उघडलाच आहे तर त्याचा जुना पासवर्डही बदलून घ्या. लावणारा माणूस जो ठेवून जातो तोच अनेक घरांत वर्षानुवर्षे राहतो.

एखाद्या लॉजवर किंवा स्टेशनवर फुकटचे वायफाय सुरू होत नसेल, तर थोडा वेळ ही सोय 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. नंतर परत लावायला विसरू नका.

याने काय होत नाही

टपरी बदलली म्हणजे सगळे सुरक्षित झाले, असे समजू नका. आज सकाळी तयार झालेले खोटे पान कोणत्याही यादीत नसते, ते उघडू शकते. यूट्यूबच्या आतला एखादा वाईट व्हिडिओ किंवा व्हॉट्सअॅपवर आलेले चित्र ही गाळणी अडवू शकत नाही, कारण तिला फक्त नाव दिसते. गाळणी चुकतेही. २०२० मध्ये क्लाउडफ्लेअरची कुटुंब सेवा सुरू झाली तेव्हा काही निव्वळ माहितीची संकेतस्थळेही तिने अडवली होती. कंपनीने चूक कबूल करून ती सुधारली. आपली इंटरनेट कंपनीही पूर्ण आंधळी होत नाही. आपण कुठे गेलो याचा बराचसा माग तिला लागतोच. आणि फोनवर कुणी ओटीपी मागितला आणि आपण तो दिला, तर जगातला कोणताही डीएनएस आपल्याला वाचवू शकत नाही.

म्हणून शेजारच्या बाजीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते, ते आता देते. संकेतस्थळाचे नाव वाचावे डावीकडून, पण त्याचा मालक ओळखावा उजवीकडून, उर्दूसारखा. नावानंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे शेवटचे शब्द असतील, ते मालकाचे. 'स्कॉलरशिप्स डॉट गव्ह डॉट इन' याचा शेवट 'गव्ह डॉट इन' आहे, म्हणजे ते सरकारचे. हज कमिटी ऑफ इंडियाचे नावही 'गव्ह डॉट इन'नेच संपते. पण 'गव्ह' हा शब्द मध्येच कुठेतरी घुसवला आहे आणि शेवट भलताच आहे, तर घर दुसऱ्याचे समजा. डीएनएसही नाव असेच सोडवतो, शेवटाकडून सुरुवातीकडे.

हे मी शेजारच्या मुलाला फळ्यावर लिहून दाखवले. त्याला दोनदा सांगावे लागले नाही. तो उर्दूही वाचतो. म्हणाला, "बाजी, हे तर सोपे आहे. आधी कुणी सांगितलेच नव्हते." त्याच्या आईच्या फोनवर त्याने स्वतःच क्वाड नाइन लावून दिली.

या महिन्यात एवढे करा. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा, कोणती सेवा लावायची ते बोला, सगळ्यांच्या देखत लावा. यादी दाखवणारी सेवा लावायचीच असेल, मूल फार लहान असेल आणि गरज वाटत असेल, तर मुलाला सांगून लावा. आणि टेली मानसचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. आमच्या घरी तो मुलीने चिकटवला आहे. तो कुणी का बघितला, हे आमच्या घरात आता कुणी विचारत नाही. चहा करून देतो आणि शेजारी बसतो.